दीर्घ कोष्टकांची पृष्ठरचना

कोष्टकाची मांडणी ही मुद्रकाची बाब आहे, अभ्यासकाची नव्हे, अशी एक समजूत विद्यापीठीय प्रबंधलेखनात रूढ आहे. कोष्टक एका पानात मावते तोवर तिच्यामुळे फारसे बिघडत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या पानावर गेले की मात्र स्तंभांची शीर्षके मागे राहतात आणि हाती उरते ती केवळ रूपांची रांग. बोलींच्या तौलनिक कोष्टकात अशा वेळी एका गावचे रूप शेजारच्या गावाच्या नावावर सहज जमा होते; आणि एकदा ते दुसऱ्या ग्रंथात उद्धृत झाले की त्याला पुराव्याची प्रतिष्ठा लाभते.

या दृष्टीने ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड (१९०५) पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे. मुख्यतः स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या या खंडातील सामग्रीची चर्चा पुष्कळ झाली. तिच्या मांडणीकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. सर्वेक्षणाची २४१ शब्द व वाक्यांची प्रमाण यादी येथे जोडपानांवर पसरलेली आहे. प्रत्येक नोंदीस क्रमांक आहे. मूळ इंग्रजी शब्द डाव्या पानाच्या डाव्या कडेस येतो, आणि तोच उजव्या पानाच्या उजव्या कडेस पुन्हा छापलेला असतो. ही पुनरुक्ती वरवर पाहता जागेचा अपव्यय वाटेल. परंतु तिच्यामुळेच उजवे पान स्वतंत्रपणे वाचता येते. हा खंड पडद्यावर एकेक पान करून पाहणाऱ्या आजच्या वाचकास तर तिचे मोल विशेषच जाणवावे.

त्याहून बारकाईची गोष्ट क्रियापदांच्या नोंदींत आढळते. 'मारणे' या धातूच्या भूतकाळी रूपांपाशी 'भूतकाळ' ही सूचना गटाच्या आरंभी एकदाच देऊन भागवलेले नाही. ती ओळीओळीस कंसात दिली आहे. इंग्रजीत या क्रियापदाचे वर्तमान व भूत एकाच रूपाने व्यक्त होतात. त्यामुळे पान गटाच्या मध्येच तुटले असते, तर सूचनेवाचून पुढील ओळींचा काळ ओळखणे कठीण झाले असते.

आज खिळे जुळवण्याचे श्रम उरलेले नाहीत. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक् प्रणालीवर आधारलेल्या लाटेक् मध्ये डेव्हिड कार्लाइल यांचे 'लाँगटेबल' हे साधन आहे. ते कोष्टक तुकड्यातुकड्यांनी रचते, स्तंभांच्या रुंदीची नोंद साहाय्यक धारिकेत ठेवते आणि रुंदी स्थिर होईपर्यंत रचना पुन्हा करून घेते. पहिल्या पानाचे शीर्ष, नंतरच्या पानांचे शीर्ष, मधल्या पानांचा तळ व अखेरचा तळ अशा चार जागा ते वेगळ्या मानते. विशिष्ट ओळीनंतर पान तुटू नये, अशी आज्ञाही देता येते.

ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु तिच्यावर विसंबून अभ्यासकाने निश्चिंत होणे योग्य नव्हे. पुनरावृत्त होणारे शीर्ष पानोपानी तेच असते. कीर्दीचे पान भरले म्हणजे कारकून बेरीज पुढील पानाच्या माथ्यावर उतरवतो, आणि ती प्रत्येक पानावर वेगळी असते. तसा बदलता मजकूर हे शीर्ष आपण होऊन वाहून नेत नाही. परिणामी डाव्या कडेस तालुक्याचे वा जातिसमूहाचे नाव एकदाच लिहून त्याखाली वीस ओळी भरण्याची जी पद्धत प्रबंधांत सर्रास दिसते, ती पान उलटताच निरुपयोगी ठरते: स्तंभ कशाचा हे कळते, ओळ कोणाची हे कळत नाही. अनेक ओळींची घरे एकत्र करून नाव मधोमध बसवण्याची हौस तर याहून घातक, कारण नाव एका पानावर आणि निम्मी सामग्री दुसऱ्या पानावर पडते.

यावर कोनो यांच्या यादीतलाच उपाय लागू पडतो. गटाचे नाव, संक्षेपाने का होईना, प्रत्येक ओळीत द्यावे आणि ओळींना अखंड क्रमांक द्यावेत. कोष्टक त्यामुळे दोन-तीन पानांनी वाढेल; पृष्ठमर्यादेची चिंता असलेल्या प्रबंधकाराने ती पाने प्रस्तावनेतून वाचवावीत.