विमानबदलातील नगरदर्शन

प्रवासवर्णन हा मराठी गद्याचा जुना व लोकप्रिय प्रकार आहे. अलीकडे दिवाळी अंकांतून व वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून त्याची एक नवी पोटजात दृष्टीस पडू लागली आहे. तिचाच विचार येथे करावयाचा आहे. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे निघालेला प्रवासी वाटेत एखाद्या ऐतिहासिक नगरात विमान बदलतो, पुढील विमानास सात-आठ तासांचा अवकाश असतो, तेवढ्यात तो शहर पाहून येतो आणि घरी परतल्यावर त्यावर लेख लिहितो. अशा लेखांत इस्तंबूल हे नगर आम्हांस पुन्हा पुन्हा भेटते. तेथील विमान कंपनीने सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या उतारूंसाठी विनामूल्य नगरदर्शनाची योजना चालविली आहे. सिंगापूरच्या विमानतळावरही तशीच सोय आहे. तेव्हा हे लेख पुढेही येत राहणार, आणि त्यांचे गुणदोष एकवार तपासून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

घटकाभर पाहून लिहिणे हाच मुळी अपराध होय, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष आम्हांस मान्य नाही. सुवेझचा कालवा 1869 साली खुला झाल्यानंतर विलायतेस जाणारी मंडळी, आगबोट एडनला कोळसा भरून घेई तेवढ्या वेळात, तेथील प्राचीन हौद पाहून येत. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेही कैरो व जिनीव्हा येथे उतरत गेले. वाटेतील थांबा हा दूरच्या प्रवासाचा अंगभूत भाग आहे. उलटपक्षी, वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 साली झाशीच्या वेढ्यात सापडले आणि त्यामुळे ‘माझा प्रवास’ या ग्रंथास जी खोली आली, तिची अपेक्षा प्रत्येक प्रवाशाकडून करणे अन्यायाचे होईल. तसा प्रसंग सर्वांच्या वाट्यास येत नाही, आणि येऊही नये.

दोष आहे तो निराळ्याच ठिकाणी. या लेखांचा साचा आता ठरून गेला आहे. प्रथम पारपत्रावरील शिक्का, मग बस, मग आयासोफिया, समोरची निळी मशीद, कबाब, मिठाई, आणि शेवटी पूर्व व पश्चिम यांच्या संगमाविषयी एक उमाळा. हे संगमाचे वाक्य लिहिण्यास इस्तंबूलला उतरण्याचे कारण नाही. शाळेतील नकाशा पुरतो. आयासोफियाची इमारत 537 साली पुरी झाली, 1453 त तिची मशीद झाली, 1934 च्या निर्णयाने ती संग्रहालय ठरली आणि 2020 त पुन्हा मशीद झाली, एवढी चार सने देऊन लेखक पुढील स्थळाकडे वळतो. वस्तुतः या सनांचा अर्थ त्याच्या डोळ्यांसमोर उभा असतो. खाली नमाज पढणारा इस्तंबूलकर, आणि वरच्या सज्जात तिकीट काढून उभा राहिलेला परदेशी (2024 च्या जानेवारीपासून परदेशी प्रवाशांस हा वरचाच मार्ग नेमून दिलेला आहे), अशी एका घुमटाखालची विभागणी पाहावयास दहा मिनिटेदेखील लागत नाहीत. पण या लेखांतून माणसे जवळजवळ नसतातच. मीना प्रभु यांचे ‘तुर्कनामा’ हे त्याच देशावरील स्वतंत्र पुस्तक मराठीत असता, ते चाळल्याची खूणही बहुधा आढळत नाही.

हीच मोजपट्टी आपल्या मुलखास लावून पाहिली म्हणजे दोषाचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. समजा, कोणी परकीय गृहस्थ चार तास बारामतीस उतरला. तो ऊस, राजकारण आणि रुंद रस्ते यांवर लिहील. कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांच्या आश्रयास मोरोपंत राहिले, आर्या रचीत राहिले आणि 1794 साली येथेच निवर्तले, हे त्याच्या गावीही नसेल. तेथून तो इंदापूर तालुक्यात उजनीच्या जलाशयाशी आला आणि पाणी तुडुंब भरलेले असले, तर ‘येथे एक विस्तीर्ण सरोवर आहे’ अशी नोंद करून जाईल. ती खोटी म्हणता येणार नाही. परंतु त्या पाण्याखाली पळसदेवचे प्राचीन मंदिर आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते वर येते, आणि ज्यांची घरे-शेते धरणात गेली त्यांना त्या सरोवराचा निराळाच अर्थ ठाऊक आहे. असे वर्णन आपल्याविषयी कोणी छापले तर आपणांस राग येईल. मग इस्तंबूलकराविषयी आपण तसे लिहावे काय?

अल्प मुक्कामातही खरे पाहणे होऊ शकते, याचा दाखला याच दोन गावांत दरवर्षी मिळतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीस आणि पुढे इंदापुरास मुक्कामी असते. वारकऱ्याचा हा मुक्काम विमानबदलाहून फारसा मोठा नसतो. तरीही कोणाच्या ओसरीवर पथारी टाकली, कोणी भाकरी वाढली, पाणी कोठे गोड लागले, हे त्यास नेमके सांगता येते. आणि सालोसाल तो त्याच वाटेने येत असतो. सबंध गाव पाहिल्याचा आव तो आणीत नाही. जेवढ्याशी संबंध आला तेवढे त्यास पक्के ठाऊक असते.

विमानाच्या प्रवाशास पुन्हा पुन्हा येणे घडत नाही, हे खरे. त्याने ती उणीव पूर्वतयारीने भरून काढावी. इंदापुराशी मालोजीराजे भोसल्यांचे नाव निगडित आहे. ते अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीचे सरदार. विजापूरच्या तटावरील मुलूखमैदान तोफ 1549 साली त्याच निजामशाहीत, अहमदनगरास, ओतली गेली, आणि ती ओतणारा रूमीखान हा तुर्क होता. जुन्या मराठीत तुर्कस्तानास रूम म्हणत. त्याच्या नावातच त्याचा देश आहे. एवढे मनाशी बाळगून जो इंदापूरकर इस्तंबुलात उतरेल, त्यास तेथील जुन्या तोफा परक्या वाटणार नाहीत. सात तासांत तो एकच वस्तू पाहील, पण ती मराठी वाचकाच्या उपयोगी पडेल अशी पाहील. संगमाविषयीच्या उमाळ्यापेक्षा अशा एका दुव्याची किंमत आम्ही अधिक समजतो.

आयासोफियाच्याच दक्षिण सज्जात संगमरवरी कठड्यावर कोणा उत्तरेकडील माणसाने सुमारे हजार वर्षांपूर्वी रून लिपीत काही अक्षरे कोरून ठेविली आहेत. बाकीची झिजून गेली. ‘हाल्फदान’ हे नाव तेवढे लागते. विमानबदलाच्या बहुतेक लेखांतून वाचकाच्या हाती एवढेच येते की, अमुक गृहस्थ येथे येऊन गेले. हाल्फदानाने त्यासाठी अंकाची चार पाने अडविली नाहीत.

हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. तालुक्याच्या वाचनालयात बसून असे लेख वाचणारे कित्येक जण त्या शहरी कधीच जाणार नाहीत. त्यांचे इस्तंबूल ते हेच. त्यांच्या वतीने पाहण्याचे काम लेखकाने पत्करलेले असते, आणि त्यात कसूर झाली तर ती त्यांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून संपादकांनी असा लेख हाती येताच एक प्रश्न विचारावा: यातील कोणते वाक्य तेथे गेल्यावाचून लिहिता आले नसते? तसे एक जरी निघाले तरी लेख आनंदाने छापावा. न निघाल्यास तो साभार परत करावा, आणि लेखकास पुढील प्रवासापूर्वी थोडे वाचून जाण्याची विनंती करावी.