विफल प्रेम आणि पात्रघडण : ‘फायनल फॅन्टसी टेन’ या भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमचा वाङ्मयीन अभ्यास

मराठी समीक्षेने आपल्या अभ्यासविषयाची कक्षा वेळोवेळी रुंदावलेली आहे. लोककथा, तमाशा, चित्रपट, दूरदर्शन मालिका हे सारे एकेकाळी वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेर होते; आज त्यांवर प्रबंध लिहिले जातात. व्हिडिओ गेम हा कथाप्रकार मात्र अजूनही बाहेरच तिष्ठत उभा आहे. त्याची चर्चा होते ती व्यसन, डोळ्यांचे विकार आणि वाया गेलेला वेळ एवढ्यापुरतीच. पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील महाविद्यालयांना ही उपेक्षा परवडणारी नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांच्या मुलांना एकत्र आणणारी कथा पाठ्यपुस्तकातली असतेच असे नाही. ती पुष्कळदा पडद्यावर खेळली जाणारी असते. शोकात्मिका शिकविणाऱ्या अध्यापकासमोर त्यामुळे प्रश्न उभा राहतो की, ज्या कथेत वाचकाच्याच हातून नायक-नायिकेचा वियोग घडतो, त्या कथेला कोणती समीक्षादृष्टी लावावी? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका विशिष्ट कृतीच्या आधारे तपासला आहे.

‘फायनल फॅन्टसी टेन’ हा गेम जपानच्या स्क्वेअर या कंपनीने २००१ मध्ये प्लेस्टेशन टू या यंत्रासाठी प्रकाशित केला. त्याचे संविधानक काझुशिगे नोजिमा यांनी रचले. या मालिकेत पात्रांना प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित आवाज मिळाला तो याच कृतीत. २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०१६ पासून ती संगणकावरही उपलब्ध झाली. ‘रोल-प्लेइंग’ म्हणजे भूमिकाप्रधान गेममध्ये खेळाडू पात्रांचा एक गट चालवतो, लढाया लढतो आणि त्यांतून मिळणाऱ्या गुणांनी त्या पात्रांचे सामर्थ्य वाढवतो. हा तपशील वरवर तांत्रिक वाटला, तरी या कृतीतील प्रेमकथेचा सारा अर्थ त्यातच दडलेला आहे.

टीडस हा झनार्कंड या झगमगत्या नगरीतील ब्लिट्झबॉल नावाच्या खेळाचा खेळाडू. ‘सिन’ या महाकाय प्राण्याच्या हल्ल्यात तो स्पायरा नावाच्या अनोळखी भूमीत फेकला जातो. तेथे झनार्कंड उद्ध्वस्त होऊन हजार वर्षे लोटलेली आहेत. स्पायरातील किनाऱ्यावरची गावे सिनच्या भयाखाली जगतात. युना ही सतरा वर्षांची मुलगी देवळादेवळांतून तीर्थयात्रा करीत झनार्कंडच्या अवशेषांकडे निघाली आहे. तेथे तिला सिनचा संहार करणारे अंतिम सामर्थ्य मिळणार आहे. ते सामर्थ्य वापरणाऱ्याला मृत्यू अटळ असतो. गटातील सर्वांना हे ठाऊक आहे, युनाला तर आहेच. ठाऊक नाही ते फक्त टीडसला आणि त्याच्यासह वाटचाल करणाऱ्या खेळाडूला.

खेळाडू तासन् तास लढतो, युनाची उपचारशक्ती वाढवतो, तिला नवनवी दैवी सामर्थ्ये मिळवून देतो. ती अधिक समर्थ झाली याचा त्याला आनंद होतो. पुढे केव्हातरी कळते की तिला समर्थ करणे म्हणजेच तिला मरणाच्या जवळ नेणे होते. टीडसने तिला सोबत केलेले प्रत्येक पाऊल, तिला हसविण्यासाठी केलेली प्रत्येक थट्टा, यात्रा संपल्यावर काय काय करायचे याचे रंगविलेले प्रत्येक चित्र, हे सारे एकदम उलट्या प्रकाशात दिसू लागते. कादंबरीचा वाचक अशा क्षणी हळहळतो. या खेळाडूला मात्र अपराधी वाटते, कारण काम त्याने केलेले असते. कादंबरीत वा नाटकात असा परिणाम साधणे अशक्य नसले तरी कठीण आहे. माध्यमाचा स्वभाव ओळखून शोकात्म आशय त्यात असा मुरविलेली दुसरी कृती सहज सापडणार नाही.

या सत्यानंतर टीडसचे पात्र खऱ्या अर्थाने घडू लागते. आरंभीचा टीडस उथळ, बडबड्या आणि वडिलांच्या नावाने कडवट झालेला आहे. मॅकलानियाच्या अरण्यातील रात्री तो युनाला यात्रा सोडून देण्याची गळ घालतो. ती रडते, मनोराज्यात क्षणभर त्याच्याबरोबर पळूनही जाते. परंतु अखेर नकार देते. प्रेमाने कर्तव्यावर मात केली, अशी सोपी वाट संविधानककाराने येथे घेतलेली नाही. युनाच्या नकारातून टीडसला उमगते की तिला वाचवायचे तर तिला पळवून नेणे पुरेसे नाही, तिचा बळी मागणारा नियमच बदलला पाहिजे.

उपपात्रांच्या घडणीमागेही एक असेच अपुरे प्रेम आहे, आणि ते कथेच्या आरंभापूर्वीच संपलेले आहे. वाक्काचा भाऊ चॅपू आणि लुलू यांचा एकमेकांवर जीव होता. सिनविरुद्धच्या लढाईत चॅपू मारला गेला. लुलूचा करडेपणा आणि वाक्काचा धर्माभिमान या दोहोंचे मूळ त्या मृत्यूत आहे. भावाने आपण दिलेली तलवार न घेता धर्माने निषिद्ध ठरविलेले यंत्र हाती घेतले म्हणून तो गेला, अशी वाक्काची समजूत आहे, आणि त्यातून यंत्रे वापरणाऱ्या अल भेड लोकांचा तो द्वेष करू लागतो. तीच तलवार तो टीडसला देतो. युनाची आई अल भेड होती हे पुढे कळते तेव्हा वाक्काच्या द्वेषाला जो तडा जातो, तो या कृतीतील अत्यंत संयत प्रसंगांपैकी एक होय. सीमोरशी होणाऱ्या युनाच्या विवाहाचे कथानक त्या मानाने भडक आणि लांबलेले आहे.

विफल प्रेमाचा खरा गाभा उघड होतो तो झनार्कंडच्या अवशेषांत. हजार वर्षांपूर्वी युनालेस्का हिने आपला पती झाओन याचा बळी देऊन पहिले अंतिम सामर्थ्य निर्माण केले. तेव्हापासून दोन जीवांमधला घट्ट बंध हेच त्या सामर्थ्याचे इंधन आहे. जितके प्रेम गाढ, तितके शस्त्र प्रखर. आणि सिनला मारणारे ते सामर्थ्यच पुढे नवा सिन होते. टीडसचे वडील जेक्ट यांची हीच गत झालेली आहे. म्हणजे स्पायरातील धर्मसत्ता प्रेमाची वैरी नाही, तिचा सारा कारभार प्रेमावरच चालतो. काहींनी मरावे म्हणजे बाकीच्यांना थोडा काळ निर्धास्त जगता येईल, या हिशेबाला तेथे पुण्याचे नाव आहे. युना हा हिशेब नाकारते. तीर्थयात्रेभर नम्र, आज्ञाधारक असलेली ही मुलगी खोटी आशा घेण्यापेक्षा दुःख घेऊन जगेन असा पवित्रा घेते, आणि तिच्या व्यक्तिरेखेला तेथे उंची येते. तारापूरच्या परिसरात हा प्रसंग केवळ अद्भुतकथा म्हणून वाचला जाण्याचे कारण नाही. अणुशक्ती केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. व्यापक हितासाठी कोणी सोसावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही.

मराठी परंपरेत या कथेला जवळचे असे काही आहे काय, याचा शोध घेताना गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ आणि तिच्यावर जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये केलेला चित्रपट आठवतो. ठाकर समाजातील नाग्या राणीमाशीवर सूड घेण्याचा संकल्प करतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्या संकल्पात त्याची सांगातीण होते. संकल्प सिद्धीस जातो आणि चिंधी माश्यांच्या डंखांनी मरते. जिंकणे आणि गमावणे एकाच क्षणी घडते, हे दोन्ही कृतींचे समान सूत्र. भेद महत्त्वाचा आहे. नाग्याचा संकल्प त्याच्या एकट्याचा आहे आणि त्याची किंमत चिंधी मोजते. स्पायरात भूमिका उलटतात. मरायला निघालेली युना जगते आणि तिला वाचविणारा टीडस नाहीसा होतो. कारण तो स्वतः निद्रिस्त आत्म्यांचे एक स्वप्न आहे आणि सिनचा उगम संपला की ते स्वप्नही संपणार आहे. गागाझेट पर्वतावर हे त्याला कळते. तो युनाला सांगत नाही. आरंभी सर्वांनी त्याच्यापासून जे लपविले, तेच आता तो सर्वांपासून लपवतो.

शेवटच्या लढाईची रचना या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. युनाने यात्रेत मिळविलेली दैवी सामर्थ्ये तिलाच एकामागून एक बोलवावी लागतात आणि आपल्याच हातांनी मारावी लागतात. या टप्प्यावर गटातील पात्रे पडली तरी आपोआप पुन्हा उठतात. जवळजवळ हरणे शक्यच नसते. अनेक खेळाडूंना हा दोष वाटतो. वस्तुतः येथे खेळ संपून विधी सुरू झालेला असतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात बोहाडा पाहिलेल्यांना हे सहज उमजेल. तेथे मुखवटे चढवून देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे नाचविली जातात. जगदंबेच्या हातून महिषासुर मरणार हे प्रत्येकाला माहीत असते, आणि तरीही रात्र जागविली जाते. निकाल ठरलेला आहे म्हणून सोंग घेणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. खेळाडूनेही टीडसचे सोंग घेतलेले असते, आणि शेवटचा घाव घालून ते त्यालाच उतरवावे लागते.

एक तांत्रिक बाब येथे नोंदविली पाहिजे. खेळाच्या आरंभी नायकाचे नाव बदलण्याची मुभा असते. ध्वनिमुद्रित संवाद मात्र आधीच ठरलेले. त्यामुळे संपूर्ण कथेत कोणतेही पात्र त्याला नावाने हाक मारत नाही. युनाही नाही. कारण निव्वळ सोयीचे असले, तरी नवऱ्याचे नाव केवळ उखाण्यात घेण्याची रीत ज्या समाजाने जपली, त्याला या मौनात वेगळीच जवळीक जाणवेल.

भारतीय काव्यशास्त्राने विप्रलंभ शृंगार आणि करुण यांतील सीमारेषा पुनर्मीलनाच्या आशेवर आखली आहे. विप्रलंभ सापेक्ष, करुण निरपेक्ष. या निकषावर २००१ ची कृती निःसंशय करुणाकडे झुकते. २००३ मध्ये आलेल्या ‘फायनल फॅन्टसी टेन-टू’ या उत्तरभागात मात्र युना टीडसचा माग काढीत हिंडते आणि खेळाडूने ठराविक अटी पूर्ण केल्यास तो परत येतो. करुणाचा विप्रलंभ झाला, आणि पुनर्मीलन हे मेहनतीचे बक्षीस ठरले. युनाला स्वतःच्या पायांवर उभी असलेली स्त्री म्हणून रंगविण्यात या उत्तरभागाला काही यश आले आहे. पण ज्या नियतीने तिला घडविले तिची धार त्याने बोथट केली, हेही तितकेच खरे.

मूळ कृतीच्या अंती टीडस विरळ होऊ लागतो. युना धावत येते, मिठी मारू पाहते, त्याच्या आरपार जाऊन कोसळते. उठून ती पाठमोरीच बोलते. जपानी मूळ संहितेत ती आभार मानते. इंग्रजी आवृत्तीत ती प्रेमाची कबुली देते. दोन्ही आवृत्त्यांत तिचे पात्र येथे किंचित वेगळे होते. जपानी युना मिळाले त्याचा कृतज्ञ स्वीकार करते, इंग्रजी युना आजवर न बोललेले बोलून मोकळी होते. मराठीत हा संवाद आणू पाहणाऱ्याची अडचण आणखी वेगळी असेल. आपल्या माणसाचे आभार मानणे मराठी घरात परकेपणाचे वाटते, आणि प्रेमाची उघड कबुली अजूनही अनुवादासारखी वाटते. चिंधीच्या तोंडी यांपैकी एकही वाक्य शोभले नसते. तिने बहुधा जेवणाचे विचारले असते, किंवा लवकर परत ये म्हटले असते.