फिल्टर, टोपी आणि कान

कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनचा एक महागडा प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलाच रुळला आहे. त्याच्या डबीत इअरफोनसोबत धातूच्या अगदी लहान नळ्यांच्या काही जोड्या असतात. यांना फिल्टर म्हणतात. इअरफोनच्या तोंडाशी असलेला फिल्टर काढून दुसरा बसवला की आवाजाचा बाज बदलतो आणि ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे ‘ट्यूनिंग’ करून घ्यावे, असे सांगितले जाते. सोबत सिलिकॉनच्या आणि फोमच्या टोप्यांचेही अनेक जोड असतात. दुकानदार त्यांना ‘टिप’ किंवा नुसतेच ‘रबर’ म्हणतो.

ऑस्ट्रियातील एकेजी या कंपनीचा ‘के ३००३’ हा इअरफोन २०११ साली आला. त्यात तीन फिल्टर होते: एक मूळ, एक ‘बेस’ म्हणजे खालचे स्वर वाढवणारा आणि एक ‘ट्रेबल’ म्हणजे वरचे स्वर वाढवणारा. ग्लासगोच्या आरएचए कंपनीने २०१४ साली ‘टी १० आय’ याच तीन पर्यायांसह आणला. ‘एफएलसी ८ एस’ या चिनी इअरफोनमध्ये तीन ठिकाणी फिल्टर बदलता येतात. पर्याय अनुक्रमे ३, ३ आणि ४, म्हणजे एकूण ३६ जोडण्या.

हे दावे भौतिकशास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरतात ते आपण पाहू. विषय चैनीच्या वस्तूचा वाटला तरी त्यात अकरावी-बारावीचा निम्मा ध्वनिशास्त्राचा धडा सामावला आहे. शिवाय आपल्या वर्गातील बहुतेक मुलांच्या कानांत स्वस्त का होईना, असेच एखादे साधन असते.

आधी शब्दाबद्दल. ‘ट्यूनिंग’ म्हटले की आपल्या मनात तंबोरा लावणे येते. इथे स्वर चढत किंवा उतरत नाही. संगीताचे विद्यार्थी नादाचे तीन गुण शिकतात: लहानमोठेपणा, उंची आणि जात. फिल्टरने बदलते ती जात. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर सरकवलेला दोरा जे करतो, त्याच्याशी याची तुलना करता येईल. षड्ज तोच राहतो, पण त्यातील उपस्वरांचे प्रमाण बदलते.

कर्णनलिका नावाची नळी

आपली कर्णनलिका सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते. तिचे एक टोक उघडे आणि दुसरे पडद्याने बंद. एका टोकाला बंद असलेल्या नळीचा पहिला अनुनाद नळीच्या चौपट तरंगलांबीला होतो, हे प्रयोगशाळेतील अनुनाद नळीवरून विद्यार्थ्यांना ठाऊक असते. चौपट म्हणजे १० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वारंवारता ३४०० हर्ट्झ येते. प्रत्यक्षात पडदा पूर्ण कठीण नसल्याने आणि इतर कारणांनी ती ३००० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे या पट्टीतील आवाज निसर्गच आपल्याला वाढवून ऐकवतो आणि मेंदूला त्याची जन्मापासून सवय असते.

आता इअरफोन आत बसला की उघडे टोक बंद होते. नळी दोन्ही टोकांना बंद झाली आणि लांबीही कमी झाली. समजा २ सेंटिमीटर उरली. आता पहिला अनुनाद दुप्पट तरंगलांबीला, म्हणजे ४ सेंटिमीटरला होईल. वारंवारता ८५०० हर्ट्झ. थोडक्यात, ३००० हर्ट्झजवळची नैसर्गिक वाढ गेली आणि नको तिथे, वर, नवे शिखर उभे राहिले. इअरफोन बनवणाऱ्याला पहिली भरून काढावी लागते आणि दुसरे आटोक्यात ठेवावे लागते. सारे ट्यूनिंग याभोवती फिरते.

जाळी काय करते?

बहुतेक फिल्टरांच्या आत बारीक जाळी किंवा फोमचा तुकडा असतो. त्यातून हवा इकडून तिकडे सरकताना घर्षण होते. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे विजेच्या भाषेत सांगावे. नळीतील हवेचे वस्तुमान म्हणजे प्रवर्तक, बंद पोकळीतील हवेचा लवचीकपणा म्हणजे धारित्र आणि जाळी म्हणजे रोध. श्रेणी मंडलात रोध वाढवला की अनुनादाचे टोकदार शिखर बसके होते. जाळीही तेच करते.

ही युक्ती श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातून आली. तिथल्या जाळ्यांचा रोध ध्वनिक ओहममध्ये मोजतात आणि तो रंगाने ओळखतात: पांढरी ६८०, हिरवी १५००, लाल २२००. अमेरिकेतील मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च कंपनीने १९९१ साली आणलेल्या ‘ईआर-४’ या इअरफोनात हिरवी जाळी होती. ती बदलता येई, पण आवडीसाठी नव्हे. मळाने बुजली की वरचे स्वर मंद होत, म्हणून नवी घालायची. उघड्या कानाने जसे ऐकू येते त्याच्या जवळ जाणे हे त्या साधनाचे ध्येय होते आणि त्यासाठी जाळीचे मूल्य एकच ठरवलेले होते. पुढच्या इअरफोनांनी याच सुट्या भागाला आवडीनिवडीची वस्तू केले.

इथे आमचा पहिला आक्षेप येतो. इअरफोनच्या तोंडाशी बसणारी जाळी वरच्या स्वरांची शिखरे दाबू शकते. खालच्या स्वरांना ती जवळजवळ अडवत नाही, कारण तिथे बंद पोकळीत हवेचे येणेजाणे फार थोडे आणि सावकाश असते. बाहेरून शक्ती न घेणारी जाळी बेस ‘वाढवणार’ तरी कशी? म्हणून तोंडाशी बसणारा ‘बेस फिल्टर’ म्हणजे बहुतांशी ट्रेबल कमी करणारा फिल्टर होय. ऐकणारा मग आवाज थोडा वाढवतो, आणि बेस वाढल्यासारखा वाटतो. परिणाम खरा आहे, नाव मात्र दिशाभूल करणारे आहे.

या बाबतीत ‘८ एस’ची रचना अधिक प्रामाणिक वाटते. तिने बेससाठी वेगळ्या जागा राखल्या आहेत. कंप पावणाऱ्या पडद्याच्या आसपासची हवा कोठून आणि किती सहज ये-जा करते हे बदलले तर खालचे स्वर खरोखर कमीजास्त होतात. त्यात आणखी एक औचित्य आहे. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांवर केलेल्या अभ्यासांत बहुसंख्य लोकांची पसंती एका ठरावीक वळणाच्या जवळपास आली. मोठा मतभेद दिसला तो बेसच्या प्रमाणाबद्दल. तेव्हा निवडीची सोय द्यायचीच तर ती बेससाठी द्यावी. अर्थात ३६ जोडण्यांपैकी पुष्कळशा एकमेकींसारख्याच ऐकू येणार, हेही खरे. आकडा मोठा असल्याने निवड मोठी होत नाही.

टोपीचा हिशेब

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जाहिरातीत पुढे असतो तो फिल्टर. टोप्या मागे राहतात, जणू त्या केवळ कानाला टोचू नये म्हणून दिल्या आहेत. वास्तविक सर्वांत मोठा फरक टोपीच करते.

सायकलच्या पंपाचा वॉशर सैल असेल तर काय होते ते आठवा. दट्ट्या सावकाश दाबला की सारी हवा फटीतून निसटते. झटक्यात दाबला तर निसटायला वेळ मिळत नाही आणि थोडाफार दाब तयार होतो. इअरफोनचा पडदा हाही दट्ट्याच. खालच्या स्वरांत तो सावकाश हलतो. टोपी आणि कान यांच्यात बारीकशी फट असली तरी तो दाब निसटून जातो. नुकसान १० ते २० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. एवढी घट कोणताही फिल्टर भरून काढू शकत नाही. ‘या इअरफोनला बेसच नाही’ ही तक्रार पुष्कळदा टोपीच्या मापाची असते.

खोलीचाही परिणाम असतो. वरच्या उदाहरणात इअरफोन आणखी अडीच मिलिमीटर आत बसला तर नळी १७.५ मिलिमीटर उरेल आणि शिखर ८५०० वरून ९७०० हर्ट्झच्या जवळ जाईल. एक टोपी काढून दुसरी घातली की एवढा फरक सहज पडतो. त्यातच दोन माणसांचे कान सारखे नसतात. एकाच माणसाचे दोन कानही पुष्कळदा सारखे नसतात. म्हणून डाव्या-उजव्या कानांना वेगवेगळ्या मापाच्या टोप्या लागल्या तर त्यात वावगे काही नाही.

ऐकून ठरवायचे तर

फिल्टर काढून दुसरा फिरवून बसवायला अर्धे-एक मिनिट सहज जाते. आवाजाच्या बारीक छटांची स्मृती तेवढा वेळ टिकत नाही. शिवाय दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा तोच बहुधा ‘चांगला’ वाटतो. ही दोन्ही कारणे लक्षात घेतली नाहीत तर परीक्षणांतील ‘ऊबदार’, ‘चमकदार’ ही विशेषणे हवेत राहतात.

विद्यार्थ्यांना पुढील प्रयोग सुचवता येईल. आवाजाची पातळी आधी कमी करावी. डाव्या बाजूला एक फिल्टर आणि उजव्या बाजूला दुसरा बसवावा. बसवण्याचे काम मित्राने करावे आणि कोणता कुठे ते सांगू नये. मोबाइलमध्ये दोन्ही कानांना एकच आवाज देण्याची ‘मोनो’ सोय असते, ती चालू करावी. कोणती बाजू अधिक तीक्ष्ण वाटते ते लिहून ठेवावे. मग फिल्टरांची अदलाबदल करून पुन्हा ऐकावे. निष्कर्ष फिल्टरबरोबर बाजू बदलत असेल तर फरक फिल्टरचा. तो त्याच बाजूला राहिला तर फरक कानाचा किंवा टोपीचा. नंतर १०० हर्ट्झचा स्वर लावून, आवाजाची कळ न हलवता, मूळ आणि ‘बेस’ फिल्टरची तुलना करावी. आमचे पहिले विधान बरोबर की चूक ते विद्यार्थ्यांनीच ठरवावे. टोप्या मात्र प्रत्येकाच्या स्वतंत्र असाव्यात. एकाची टोपी दुसऱ्याने कानात घालू नये.

कोणी विचारेल, हे सगळे मोबाइलमधील इक्वलायझरने होत नाही का? बरेचसे होते, आणि फुकट होते. फिल्टरच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तो कोणत्याही यंत्राला जोडला तरी तसाच काम करतो. फटीतून निसटलेला बेस मात्र इक्वलायझरने भरू गेल्यास पडद्यावर विनाकारण ताण पडतो. तिथे इलाज टोपीच.

खरा प्रश्न पातळीचा

आवडीनिवडीपलीकडे इथे एक मोठी गोष्ट पणाला लागली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली सुरक्षित श्रवणाचे मानक ठरवले. त्यानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीचे ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १० आणि ८९ ला फक्त ५ तास.

आता एस.टी.त किंवा लोकलमध्ये सैल टोपीने गाणी ऐकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. फटीतून त्याचा बेस बाहेर जातो आणि त्याच फटीतून गाडीची घरघर आत येते. दोन्ही तोटे भरून काढायला तो आवाज वाढवत नेतो. १० डेसिबल वाढवले की सुरक्षित वेळ जवळजवळ दहावा हिस्सा उरतो. नीट बसणारी टोपी त्याला तेच गाणे कमी पातळीवर तेवढेच समाधानकारक ऐकवू शकते. या अर्थाने टोपी ही कानाच्या संरक्षणाची वस्तू आहे. मात्र बाहेरचा आवाज अडतो म्हणूनच रस्त्याने चालताना वा सायकलवर असताना असे इअरफोन घालू नयेत, हेही सांगायला हवे.

आमचा निर्णय असा. बदलते फिल्टर ही फसवणूक नाही. ते ध्वनिशास्त्राचे सुबक, हातात धरता येणारे उदाहरण आहे. पण त्यांची नावे त्यांच्या कामाशी जुळत नाहीत आणि त्यांच्या कौतुकात टोपी दुर्लक्षित राहते. निर्मात्यांनी ‘बेस वाढवणारा’ असे छापण्याऐवजी प्रत्येक फिल्टरचा आलेख द्यावा आणि टोपीचे माप कसे ठरवावे याला माहितीपत्रकाचे पहिले पान द्यावे. शिक्षकांनी एवढे तरी करावे: ज्यांच्याकडे असे इअरफोन आहेत त्या विद्यार्थ्यांना, पुढचा इअरफोन घेण्याआधी, आहे त्याच इअरफोनला शेजारच्या मापाची टोपी लावून कमी आवाजात ऐकून पाहायला सांगावे.