तारेला स्वतःचा आवाज असतो का?

भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. अँप्लिफायरपासून लाऊडस्पीकर दूर असेल, तर बारीक तारेने आवाज बदलतो. महागड्या तारांचे विक्रेतेही फरकाचाच दाखला देतात. मात्र त्यांचा फरक म्हणे मापात सापडत नाही! आमचा आक्षेप या पुस्तीला आहे.

हिशेब पाहू. १ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार ५० मीटर नेली, तर जाऊन-येऊन १०० मीटर होते. तिचा रोध सुमारे १.७ ओहम. त्यामुळे ८ ओहमच्या लाऊडस्पीकरला मिळणारी शक्ती सुमारे ६८ टक्क्यांवर येते. शिवाय लाऊडस्पीकरचा रोध कंपनसंख्येनुसार बदलतो, म्हणून सगळे स्वर सारखे घटत नाहीत. म्हणजे इथे कान खरे सांगतो, आणि मापही तेच सांगते. घरातल्या ३ मीटर तारेने मात्र आवाज जेमतेम ०.१ डेसिबलने उतरतो.

मग महाग तारेचा 'गोडवा' येतो कुठून? किंमत ठाऊक असली, की मन तिकडे झुकते. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा: पडद्याआड नाणे उडवून दोनपैकी एक तार जोडा, आवाजाची पातळी सारखी ठेवा आणि १० वेळा तार ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे १ टक्का. एवढे यश पुन्हा पुन्हा मिळाले, तर आमची मापे अपुरी आहेत, असे आम्ही मान्य करू. कानाला खोटे ठरवायचे नाही; मापयंत्रासारखी त्याचीही परीक्षा घ्यायची, इतकेच.