‘लाइफ आफ्टर पाय’ : दृश्यपरिणाम उद्योगातील कलाबाह्य श्रमाचा प्रश्न

प्रस्तावना
आंग ली दिग्दर्शित ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील वाघ बव्हंशी संगणकावर साकारणाऱ्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ या अमेरिकन संस्थेने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच महिन्यात या चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. या विसंगतीवर स्कॉट लेबरेख्त यांनी २०१४ मध्ये ‘लाइफ आफ्टर पाय’ हा सुमारे अर्ध्या तासाचा माहितीपट केला. त्यात कलाबाह्य श्रमाला कोणते स्थान मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन
ठरीव बोलीच्या पद्धतीचे स्पष्टीकरण हे या माहितीपटाचे बलस्थान होय. काम एका निश्चित रकमेत स्वीकारले जाते. पुढे दिग्दर्शकाने बदल सुचविले वा वेळापत्रक लांबले, तर वाढीव खर्च बहुतांशी दृश्यपरिणाम संस्थेलाच सोसावा लागतो. ही मांडणी नेमकी व परिणामकारक आहे.

तथापि, ही बोली लावतो कोण? एका शॉटसाठी किती माणसे व किती दिवस लागतील, याचा अंदाज निर्माता बांधतो. कोणता शॉट कोणाकडे आहे आणि त्याची कितवी आवृत्ती मंजूर झाली, याची नोंद समन्वयक ठेवतो. रात्रभर चालणाऱ्या रेंडरिंगवर कोणी लक्ष ठेवते. विभागाविभागांची सॉफ्टवेअरे अभियंता जोडतो. या संस्थेच्या शाखा मुंबई व हैदराबाद येथेही होत्या. अशा विखुरलेल्या कामात या मंडळींचे महत्त्व अधिकच वाढते. माहितीपटाचा भर मात्र कलावंताच्या व्यथेवर राहतो; या कामांचे स्वरूप त्यात स्वतंत्रपणे उलगडत नाही.

ही केवळ उणीव नसून तिच्यामुळे माहितीपटाचा युक्तिवादच दुबळा होतो. संकटाचे मूळ बोलीत असेल, तर बदलाची किंमत मोजणारा आणि ‘हे मूळ करारात नाही’ असे सांगणारा माणूस कथेच्या केंद्रस्थानी असावयास हवा. मोजके बलाढ्य ग्राहक असलेल्या बाजारात अचूक अंदाजही अपुरा ठरू शकतो, हे खरे. पण हिशेब जाणणाऱ्याला नकाराचा अधिकार का नसतो, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र होतो.

निष्कर्ष
कलावंताची उपेक्षा दाखविताना हा माहितीपट त्याच्याभोवतीच्या श्रमाची नकळत उपेक्षा करतो. दृश्यपरिणामांचे शिक्षण म्हणजे केवळ सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण, अशी समजूतही याच दृष्टीतून पोसली जाते. वाणिज्य, व्यवस्थापन व संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी हा माहितीपट वर्गात अवश्य दाखवावा. मात्र पडद्यावर न आलेल्या श्रमाची चर्चा त्यासोबत व्हावी.