गाईलासुद्धा कारण सांगतात

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की आमच्या मिनेसोटात जो तो एकच प्रश्न विचारतो : यंदा फेअरला काय खाल्लंत? उत्तरंही ठरलेली. तळलेले चीज कर्ड्‌स, काडीवरचा प्रोंटो पप, बादलीभर चॉकलेट चिप कुकीज. पहिली दोन वर्षं मीही याच यादीमागे फिरले आणि जड पोटाने, दुखऱ्या पायांनी घरी आले. तिसऱ्या वर्षी उन्हाला कंटाळून सावलीसाठी गुरांच्या रिंगणात शिरले, तीन तास तिथेच बसले, आणि मिनेसोटा स्टेट फेअर मला पहिल्यांदा समजली. ही जत्रा मुळात परीक्षेसाठी भरते. खाणं तिच्याभोवती नंतर साठत गेलं.

मिनेसोटा 1858 साली राज्य झालं आणि पुढच्याच वर्षी पहिली स्टेट फेअर भरली. चांगलं जनावर, चांगलं पीक आणून मांडावं, जाणत्यांनी पारखावं, बाकीच्यांनी पाहून शिकावं, असा सरळ हेतू होता. आज मैदान 322 एकरांचं आहे, जत्रा बारा दिवस चालून लेबर डेला संपते आणि वीस लाखांच्या घरात माणसं येतात. विद्यापीठाचा सेंट पॉल कॅम्पस या मैदानाला लागूनच आहे. तिथे मी गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करते, त्यामुळे त्या बारा दिवसांत प्रयोगशाळेतही तळणाचा वास येतो.

त्या दिवशी कोलिझियममध्ये दुभत्या गाईंचा गट चालू होता. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली मुलं गाईच्या तोंडाकडे तोंड करून, दावं धरून उलट्या पावली चालत होती. मधोमध परीक्षक. तो कधी लांबून बघे, कधी वाकून कास बघे, कधी गाय थांबवून पुन्हा चालवायला लावे. अमेरिकेत दुभत्या गाईचं गुणपत्रक ठरलेलं आहे. शंभरांतले 40 गुण एकट्या कासेला. उरलेले बांधा, दुधाळ ठेवण आणि मागचे पाय-खूर यांत वाटलेले. आकडे लावून तो गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण त्याने माईक हातात घेतला आणि पहिली गाय दुसरीच्या वर का, दुसरी तिसरीच्या वर का, हे क्रमाने सांगायला सुरुवात केली. पहिलीची कास वर आणि घट्ट बसलेली आहे. दुसरीची छाती तिच्याइतकीच खोल, पण चालताना मागचे पाय आत वळतात. शेवटच्या गाईबद्दलही तो दोन वाक्यं बोलला, आणि त्यांतलं एक कौतुकाचं होतं. तिचं दावं धरलेल्या मुलाने मान हलवली. रडला नाही. पुढच्या वर्षी काय बघायचं ते त्याला कळलं होतं.

माझे वडील सातारा जिल्ह्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार बैलांचा बाजार भरतो, तिथे ते मला न्यायचे. पारखी माणसं तिथेही तोडीस तोड. दात बघून वय सांगत, वशिंडावर हात ठेवून ताकद सांगत. पण सौदा व्हायचा तो उपरण्याखाली, बोटं दाबून. किंमत दोघांनाच ठाऊक, आणि ती तेवढीच का, हे त्यांच्याही तोंडून कधी निघत नसे. ज्ञान तेवढंच, फक्त झाकलेलं. इथे ते माईकवरून बाहेर येतं, आणि गाय कधी न पाळलेल्या माझ्यासारखीलाही तासाभरात वळलेला पाय दिसायला लागतो.

मुलांच्या फोर-एच विभागात याहून हळुवार रीत आहे. तिला डॅनिश पद्धत म्हणतात. प्रत्येकाचं काम शेजाऱ्याशी न ताडता ठरलेल्या कसोटीशी ताडायचं. निळी, लाल, पांढरी फीत त्यावरून. निळ्या फिती कितीही असू शकतात. म्हणजे मुलाचं मन राखलं जातं आणि कसोटीही सैल होत नाही.

आता जिथे ही कसोटी डगमगते तिथेही चला. शेती-बागायतीच्या इमारतीत बियांची चित्रं मांडतात. मिनेसोटात पिकणाऱ्या पिकांचं बी एकेक करून चिकटवायचं. नैसर्गिक रंगाचा गट वेगळा, रंगवलेल्या बियांचा वेगळा. आपल्याकडची धान्याची रांगोळी आठवेल, फक्त ही पुसली जात नाही. लिलियन कोल्टन यांनी इथे अनेक वर्षं व्यक्तिचित्रं केली. गालावरची सावली त्या बियांच्या रंगछटांतून उभी करायच्या. जवळून बी, लांबून माणूस. अलीकडची बरीच चित्रं विनोदावर उभी आहेत. राजकारणातली कोटी नाहीतर इंटरनेटवरची गंमत. गर्दी हसते, फोटो काढते, पुढे सरकते. पण कोटी कळली की चित्र संपतं. तिथे बियांऐवजी रंग असता तरी काही बिघडलं नसतं. मोहरीने मोहरीचं काम करावं, एवढीच माझी अपेक्षा.

आणि लोण्याचे पुतळे. दुग्धव्यवसायाच्या राजकन्येचा किताब मिळवणारी आणि तिच्यासोबत अंतिम फेरीत आलेल्या मुली फिरत्या, काचेच्या, थंडगार खोलीत कोट घालून बसतात आणि प्रत्येकीचं मस्तक 90 पौंडांच्या लोण्यातून कोरलं जातं. लिंडा क्रिस्टेनसेन यांनी हे काम 1972 पासून 2021 पर्यंत केलं. हाताची सफाई थक्क करणारी आहे. पण हे सगळे चेहरे हसरे, बहुतेक मालकांच्या घरातल्या लेकींचे. आज इथल्या अनेक मोठ्या गोठ्यांत पहाटे धारा काढणारे हात मेक्सिकोतून, ग्वाटेमालातून आलेले आहेत. त्यांचं लोणी जत्रेत आहे, चेहरा नाही. गाईच्या कासेला 40 गुण देणाऱ्या या जत्रेत धार काढणाऱ्यासाठी रकानाच नाही. तीही परदेशातून आलेली माणसं, मीही परदेशातून आलेली, म्हणून कदाचित मला हे चटकन खुपलं असेल. मात्र ज्यांना खुपलं नाही त्यांनीही एकदा त्या खोलीसमोर उभं राहून बघावं.

तरीही मी दरवर्षी जाते, आणि त्याला कारण आहे. गेल्या दीड वर्षात मी प्राध्यापकपदासाठी एकतीस अर्ज केले. आलेल्या नकारांत एकाही ठिकाणी कारण नव्हतं. उमेदवार फार होते, शुभेच्छा, एवढंच. त्या शेवटच्या गाईला जी दोन वाक्यं मिळाली, ती मलाही हवी होती.

पण तक्रार करायला मी तरी कोण? गेल्या गणपतीत मी मुलांच्या भाषणस्पर्धेची परीक्षक होते. तिसरी आलेली अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, मी काय वेगळं करायला हवं होतं?" तिचं पाठांतर चोख होतं, पण ती शब्द गिळत होती आणि शेवट घाईत उरकला होता. मला हे सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "अगं, सगळेच छान बोललात!" परदेशात मूल मराठी बोलतंय हेच पुष्कळ, अशी आपण स्वतःची समजूत घालतो. त्या मुलीने मराठीतूनच प्रश्न विचारला होता, आणि मराठीतून खरं उत्तर द्यायला मी कचरले.

तुम्ही मिनेसोटात असाल किंवा तुमच्या राज्यात अशी जत्रा भरत असेल, तर सकाळी आधी गोठ्याकडे जा. रिंगणाच्या पायऱ्यांवर तासभर बसा. परीक्षकाच्या आधी मनात क्रम लावा आणि मग त्याची कारणं ऐका. माझा क्रम अजूनही निम्म्याहून अधिक वेळा चुकतो. चीज कर्ड्‌स दुपारीही मिळतात.