हे कोण हासायलेत?

टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला की आमची आजी हमखास विचारायची, "हे कोण हासायलेत रे?" पडद्यावर नट दोनच, हसण्याचा आवाज मात्र पाचपन्नास माणसांचा. आम्ही पोरं म्हणायचो, "आजी, ते रेकॉर्डिंग असतंय." तिचं समाधान व्हायचं नाही.

तिचा प्रश्न मला फार उशिरा कळला. आमचं गाव किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. माझा जन्म त्यानंतरचा, नव्या किल्लारीतला. इथं रस्ते रुंद आणि घरं एकमेकांपासून लांब. जुन्या गावात दगडमातीची घरं एकमेकांना टेकून होती. शेजारच्या ओसरीवर कुणी हसलं तर नुसत्या आवाजावरून माणूस ओळखू यायचा, असं आजी सांगायची. हसण्याला तोंड असतं, नाव असतं, हा तिचा अनुभव. बिननावाचं हसू तिला खटकणारच.

दोन वर्षांपूर्वी मी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मुंबईला गेलो. म्हणजे खरं तर एका विनोदी मालिकेच्या शूटिंगचा पास मिळाला म्हणून गेलो. कोणती मालिका ते सांगत नाही. एकट्या त्या मालिकेची ही गोष्ट नाही.

पास मिळवायला महिना गेला. आत्तेभावाच्या ओळखीतला एक मुलगा स्टुडिओत प्रेक्षक पुरवायचा. होय, पुरवायचा. शूटिंगला लाइट लागतात, खुर्च्या लागतात, तशी माणसंही लागतात. व्हॉट्सॲपवर सूचना आल्या : पांढरे-काळे कपडे नकोत, बारीक चौकडीचा शर्ट नको, मोबाइल बाहेर जमा, मधून उठून जायचं नाही. पैसे किती, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "फ्री आहे."

लातूरहून रात्रीची गाडी धरली. दुपारी एकला हजर व्हायला सांगितलं होतं, आत सोडलं साडेचारला. रंगमंच रिकामाच होता. माईक घेतलेला एक उत्साही पोरगा आला आणि म्हणाला, आधी तुमच्या रिॲक्शन घेऊन ठेवू. मग आम्ही रिकाम्या रंगमंचाकडं बघून हसलो. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग पोट धरून. शेवटी टाळ्या. कॅमेरा रांगेरांगेतून फिरला. विनोद यायचा होता, हसू आधीच जमा झालं होतं.

ही युक्ती आजची नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं हसण्याची पेटीच बनवली. एक कळ दाबली की खुदखुद, दुसरी दाबली की गडगडाट. 'मॅश' ही १९७२ ला सुरू झालेली युद्धावरची मालिका. वाहिनीनं तिलाही हे डब्यातलं हसू लावायला लावलं. निर्मात्यांनी मात्र शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या प्रसंगांत ते नको म्हणून धरून ठेवलं. समोर माणसाचं पोट फाडलेलं असताना हसायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं, एवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली.

मराठीत 'चला हवा येऊ द्या' २०१४ पासून वर्षानुवर्षं चाललं. निलेश साबळे विचारायचे, "हसताय ना? हसायलाच पाहिजे!" घराघरात पोचलेलं ते वाक्य मलाही आवडायचं. आता त्यातल्या 'च'वर मी अडतो. प्रश्नाला 'नाही' म्हणायची सोयच तो 'च' काढून घेतो. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगतापांची पत्रं वाचायचे, तेव्हा माणसं रडायची. तिथं 'रडायलाच पाहिजे' असं कुणी म्हणत नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच ती पत्रं जास्त लक्षात राहिली.

तमाशाची गोष्ट आठवा. तिकीट काढून बसलेला माणूस बतावणीला हसला नाही तर सोंगाड्याला कळायचं, की हे चाललं नाही. मग तो दुसरं काहीतरी काढायचा. वग दर गावाला थोडा बदलायचा तो यामुळंच. प्रेक्षकाची शांतता ही त्या खेळाची समीक्षा होती, आणि ती करायचा हक्क तिकिटाच्या पैशात मिळायचा. फुकटच्या पासात नेमका तोच हक्क जातो. आपण हसू देतो आणि गप्प बसायचा अधिकारही देऊन टाकतो. मग कोणता विनोद पडला हे लिहिणाऱ्याला कळणार कसं? त्याच्या कानावर तर कायम गडगडाटच पडतो.

त्या दिवशी मी एकदाच मनापासून हसलो. एक नट वाक्य विसरला, सहकाऱ्याकडं बघत राहिला आणि शेवटी त्यालाच म्हणाला, "तुझं तरी पाठ आहे का?" सगळा स्टुडिओ उसळला. दिग्दर्शकानं कट म्हटलं आणि तो भाग पुन्हा घेतला.

पुढच्या प्रवेशात गावाकडची सासू आली. क्रियापदाला 'लाव' जोडलं की लातूर तयार, असा लेखकाचा हिशेब दिसत होता. तिला लिफ्ट कळत नव्हती, पिझ्झा कळत नव्हता, काहीच कळत नव्हतं. मी हसलो नाही. रागावलो म्हणून नव्हे. आमच्या बोलीत हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते काढायला तिथं कुणी कान दिला नव्हता, म्हणून.

तीन आठवड्यांनी तो भाग लागला. घरचे सगळे टीव्हीसमोर. सासू लिफ्टला हात जोडून नमस्कार करते आणि पुढच्या क्षणी पडद्यावर मी. पोट धरून, डोळे मिटून हसतोय. रिकाम्या रंगमंचाला दिलेलं माझं हसू त्यांनी तिथं चिकटवलं होतं.

भाऊ ओरडला, "आजी, बघ, बघ!" आजीनं बघितलं. तिचा जुना प्रश्न तिनं विचारला नाही, कारण कोण हसतंय ते आता तिला दिसत होतं. पदर सावरत ती मला म्हणाली, "तुला काय झालं होतं रे एवढं हासायला?"

ते हसू आधीच घेऊन ठेवलं होतं, हे मी तिला समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. ती "हां" म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.